तारेवरची सम

गाणं ऐकायचं तर तुम्ही रेडिओचा कान पिळता. आम्ही ते तारेवर वाजवलंय.

मी तेव्हा अकोल्याच्या तारघरात होतो. पलीकडे अमरावतीला गावंडेबाबू. आम्ही एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण तार ठोकायचा त्यांचा हात मी शंभरांत ओळखला असता. दुपारी काम नसलं की मी यंत्रावर भजनी ठेका धरायचो, कट्ट कडकट्ट, आणि समेपाशी आलो की हात उचलायचो. सम ते अमरावतीहून द्यायचे. साहेब विचारायचा, "काय करून राहिले?" मी म्हणायचो, "लाइन तपासून राहिलो."

एका सकाळी अमरावतीहून परका हात आला. गावंडेबाबू रात्री गेले, एवढंच त्यानं ठोकलं.

दुसऱ्या दुपारी काय वाटलं कोण जाणे, मी ठेका धरला. समेपाशी सवयीनं हात उचलला आणि पलीकडून ठोका पडला. अगदी जागेवर.

मी विचारलं, "कोन?"

"मूर्तिजापूर."

म्हणजे आमच्याच तारेवरचं मधलं ठाणं. तिथल्या बाबूला आमचं सगळं ऐकू जात असणार, हे आम्हा दोघांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"रोज आयकत होतो," तो म्हणाला. "मीबी भजनातलाच मानूस."

"मंग इतके दिवस ठोका काहून नाई देल्ला?"

मग उत्तर आलं, "सम त्यायची होती ना."