न सांगता आलेला पाळक

सन्माननीय अध्यक्ष बापूसाहेब, आजचे सत्कारमूर्ती रेव्हरंड शमुवेल रणपिसे, सौ. निकितावहिनी, व्यासपीठावर दाटीवाटीनं विराजमान झालेले मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या सत्कारमूर्तींच्या मातोश्री, म्हणजे आमच्या कुशाकाकू, मंडळीतले सर्व बंधुभगिनी, आणि मागं दाराशी उभं राहून स्वयंपाकाचा अदमास घेणारे माझे पत्रकार मित्र,

आरंभीच एक तक्रार नोंदवतो. आजच्या निमंत्रणपत्रिकेत आठ वक्त्यांची नावं ठळक अक्षरांत आणि फोटोसह आहेत. माझा समावेश 'आदी मान्यवर' या दोन शब्दांत केला आहे. गेली बावीस वर्षं बारामती-इंदापुरातल्या समारंभांच्या बातम्या मी 'आदी मान्यवर उपस्थित होते' अशाच संपवत आलो. त्या दोन शब्दांच्या आत माणसं किती घुसमटत असतील, हे आज प्रथमच आतून पाहिलं. ज्यांना ज्यांना मी आजवर 'आदी' केलं, त्या सर्वांची जाहीर क्षमा मागतो आणि प्रस्तुत विषयाकडे वळतो.

विषय आपणास ठाऊक आहेच. तीन वर्षांपूर्वी आमचा शमू, क्षमा करा, रेव्हरंड रणपिसे, बायको आणि मुलगी श्रेया यांना घेऊन नॉर्वे देशातल्या समुद्राकाठच्या एका गावी पाळक म्हणून गेले. जाताना 'तीनच वर्षं' असं सांगून गेले होते. आता तिथल्या चर्चच्या मंडळीनं त्यांना कायमचं नेमलं आहे. महिनाभराची रजा संपली, गुरुवारी विमान आहे. कुशाकाकू जात नाहीत. त्या वालचंदनगरजवळच्या आपल्या दोन खोल्यांत एकट्या राहणार आहेत. सत्कार आणि निरोप एकाच नारळात उरकण्याचं कारण हे असं आहे.

आपल्या भागातून द्राक्षं बाहेरच्या देशात जातात, डाळिंब जातं. पाळक जाण्याची, माझ्या माहितीप्रमाणे, ही पहिलीच खेप. ज्या खंडातून एके काळी गोरे साहेब बोटीत बसून आपल्याला सुवार्ता सांगायला आले, त्याच खंडाला आता ती ऐकवायला इंदापूर तालुक्यातून माणूस मागवावा लागतो, याचा अर्थ काय घ्यायचा? मी शमूला विचारलं. तो म्हणाला, "ते विसरलेत, आपण पाठ केलंय." आम्ही दोघं एकाच वर्गात संस्कृत शिकलो. पाठांतरात तो नेहमीच पुढं होता.

मघाशी चहाच्या वेळी अध्यक्षांनी त्याची जी मुलाखत घेतली, ती मी उद्या छापणार आहे.

"तितं कारखाना कुणाच्या ताब्यात हाय?" बापूसाहेबांनी विचारलं.

"बापूसाहेब, तिथं ऊसच नाही."

बापूसाहेबांनी कप बशीत ठेवला. मग काळजीच्या सुरात म्हणाले, "मग लोकं निवडणूक कशावर लढत्यात?"

असो. आता मूळ कथेकडे येतो, कारण ती स्वतः सत्कारमूर्ती सांगणार नाहीत.

आपल्याकडे पाळकाचं अर्धं काम चर्चमध्ये असतं आणि अर्धं मोटरसायकलवर. सांगवी असो, पणदरे असो, शमू कुणाच्याही दारात अचानक उभा राहायचा. घरची बाई पदराला हात पुसत म्हणायची, "पाळकसाब, बसा, च्या टाकती." चहा, विचारपूस, प्रार्थना, की पुढचं घर. आधी कळवून येणाऱ्या पाळकाकडे आपण संशयानं पाहतो. वर्गणी मागायला येतोय का, असं वाटतं. संस्कृतात ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी. शमूनं ही व्याख्या मनावर घेतली आणि सामानाबरोबर नॉर्वेला नेली.

ऑक्टोबरचा महिना, तिथला पहिलाच सोमवार, दुपारचे तीन. शमूनं गळ्याला पाळकाची पांढरी पट्टी लावली. निकितावहिनींनी चकल्यांचा डबा घेतला. दोघं पायी निघाले. पहिलं घर सत्तरीच्या एका बाईंचं. बाईंनी दार उघडलं, आधी गळ्याची पट्टी पाहिली, मग डबा पाहिला आणि चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

इथून पुढचं संभाषण नॉर्वेच्या भाषेत झालं. शमू ती वर्षभर शिकून गेला होता. मला येत नाही. म्हणून इंदापुरीत सांगतो. भाव तोच आहे.

"कोण गेलं?" बाईंनी विचारलं.

"कोणी न्हाय. मी नवा पाळक."

"ते दिसतंय मला. थोरला का धाकटा?"

"बाई, कोणीबी गेलेलं न्हाय. आमी चहाला आलोय."

"चहाला? पाळक?"

"व्हय."

"मग ही बाई कशाला संगं आणली? मला धरायला? आन् त्या डब्यात काय हाय?"

वहिनींनी झाकण काढून चकली दाखवली. ज्या माणसानं आयुष्यात चकली पाहिलेली नाही, त्याला अशा प्रसंगी ती दाखवल्यानं धीर येत नाही, असं वहिनींचं आज मत आहे.

दुसऱ्या घरातल्या गृहस्थांनी यांना दारातच ठेवून इस्पितळातल्या भावाला फोन लावला. पाचव्या घरातल्या लोकांनी खिडकीतून पट्टी पाहिली आणि दिवे मालवून बसून राहिले. गावातली निम्मी तरुण पोरं मासेमारीच्या बोटींवर. बातमी गावभर झाली आणि तिकडे एकाच वेळी चाळीस आयांचे फोन गेले, "जिता हायेस का?" मोठं वादळ येतंय अशी समजूत होऊन दोन बोटी मासे न धरता माघारी फिरल्या. आपला अतिथी मात्र घरामागून घर करतच होता. इथं माणसं हळवी दिसतात, असं त्याचं निरीक्षण झालं होतं.

अकराव्या घरापाशी चर्चच्या सेक्रेटरीबाई गाडी घेऊन आल्या आणि दोघांना आत बसवून म्हणाल्या, "पाळकसाहेब, आपल्याकडं अपघात झाला, कोणी गेलं, तर घरी जाऊन सांगायचं काम पाळकाचं असतं. न कळवता पाळक दारात येतो तो तेवढ्यासाठीच. तुम्ही आज दुपारी अकरा घरांतली माणसं मारलीत."

या चर्चमध्ये रविवारी नऊ माणसं येत असत. त्या रविवारी साठ आली. सगळे एकमेकांना जिवंत पाहून इतके हरखले होते, की शमूचं पहिलं प्रवचन कमालीचं प्रभावी ठरलं. मंडळी वाढवण्याची ही रीत कोणत्याही धर्मविद्यालयात शिकवत नाहीत.

तेव्हापासून शमू आधी फोनवर निरोप पाठवतो: 'मंगळवारी चारला येऊ का? सर्व जण सुखरूप आहेत. फक्त चहा.' वहिनी तिथल्या वृद्धाश्रमात नर्स आहेत. म्हातारे आता चकली मागून घेतात. श्रेया बापाचं व्याकरण सुधारते, तेही प्रवचन चालू असताना, पहिल्या बाकावरून. म्हणजे कुटुंब रुळलं म्हणायचं.

गेल्या हिवाळ्यात मात्र शमूला एका दारात खरोखरच न सांगता जावं लागलं. मला फोनवर एवढंच म्हणाला, "महिपती, सांगायला अर्धं मिनिट लागलं. मग चार तास बसलो. चहा त्यांनीच केला."

माझ्या आधीच्या आठही वक्त्यांनी आज एकमुखानं ग्वाही दिली, की पाळकसाहेब, मातोश्रींची चिंता करू नका, आम्ही आहोत. ऐकून मन भरून आलं. पत्रकाराला एक वाईट सवय असते, ती म्हणजे खातरजमा. चहाच्या वेळी मी काकूंच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "काकू, या तीन वर्षांत यांतलं कोण कोण येऊन गेलं?"

"सगळी चांगली हायेत रं. येत्यात की."

"कोण येतं?"

"दूधवाला येतो."

इथं मी हसलो. मग त्या म्हणाल्या, "तू तरी कुठं येतोस?"

त्यांचा हिशेब बरोबर आहे. तीन वर्षांत मी चार वेळा गेलो. त्यांतल्या दोन वेळा नाताळ होता आणि जेवणाची वेळ होती.

"मग जा की त्यांच्याबरोबर," मी म्हणालो.

"तितं थंडीत जमीन दगडावानी हुती म्हणं. मला ठेवायला त्यांच्या कुदळी मोडायच्या. हितं तुझ्या काकांशेजारी जागा हाय. ल्येकाला न्हाय म्हणले न्हाय मी. त्यानं जावं. मला नेऊ नये."

काय म्हणता काकू? रस्सा गार होतोय? झालंच.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मंडळीच्या कार्यकारिणीचे, माईक फुकट लावून दिल्याबद्दल अय्युबभाईंचे, आणि उपाशीपोटी ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहून गेला असेल, अध्यक्षांची थट्टा जास्त झाली असेल, किंवा एका आईसमोर बोलू नये ते बोललो असेन, तर पोटात घाला.

खाली बसण्याआधी एक खरं सांगतो. काल शमूनं मला त्या सेक्रेटरीबाईंचा नंबर दिला. म्हणाला, "आईचं काही झालं तर मला फोन करू नकोस. यांना कर. त्या घरी येऊन सांगतील." मी बरं म्हणालो आणि नंबर साठवून ठेवला. तो फोन करायची मला भीती नाही. मोडक्या इंग्रजीत भागेल. काकूंचं घर माझ्या घरापासून पाऊण तासाच्या रस्त्यावर आहे आणि मी तिथं वर्षातून जेमतेम एकदा जातो. मला काळजी वाटते ती ही, की मलाच ते दोन दिवसांनी कळेल.