मांडव भाड्याचा, आवाज अक्कांचा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, बाजारपेठेत ज्यांचा शब्द अजून वजनानं घेतला जातो ते आदरणीय गिरधर नाना. सन्माननीय डॉक्टर दिपमालाताई. 'गावहाक' कंपनीचा कर्ता आमचा जितेंद्र. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या बेबाअक्का. मंचावर खुर्ची ठेवलेली असूनही "मले अठूनच बरं आयकू येतं" म्हणून पहिल्या रांगेत जाऊन बसलेले त्यांचे यजमान वनाभाऊ. आणि शिरपूर, धुळे, पहूर, बोदवड अशा ठिकठिकाणांहून कामधाम सोडून जळगावला आलेल्या माता-भगिनींनो, बांधवांनो, मी अभिमन मांडववाला आपणा सर्वांना नम्रपणे नमस्कार करतो.

मला जितेंद्रनं बजावलंय, "आबा, कंपनी कशी वाढली ते सांगा, आणि रडू नका." पहिलं जमेल.

पत्रिकेवर 'सेवानिवृत्ती' असं छापलंय. ते खरं नाही, पण दुसरा शब्द छापायला आमचा कोणाचा हात धजला नाही. येत्या मंगळवारी नाशिकला अक्कांचं ऑपरेशन आहे. गळ्यातली गाठ काढायची, आणि तिच्याबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागणार. अक्का बऱ्या होतील, असं डॉक्टर दिपमालाताईंनी स्पष्ट सांगितलंय. पण आज बोलतात तसं बोलणं त्यानंतर होणार नाही. ज्या आवाजावर एक कंपनी उभी राहिली, त्या आवाजाला निरोप द्यायला आपण बसलो आहोत. असा निरोप कसा देतात, मला माहीत नाही. तुम्हाला कोणाला माहीत आहे का?

मी माणूस भाड्याचा. म्हणजे मांडव, खुर्च्या, भांडी, भोंगे, सगळं भाड्यानं देणारा. शाळेत फार गेलो नाही, पण उभा जन्म माईकच्या वायरी जोडण्यात गेल्यामुळे कान तेवढे तयार झाले. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला बोदवडला, एका लग्नात. पाहुण्यांचं नाव-गाव पुकारणारा गडी आयत्या वेळी आला नाही. मांडवात माणूस मावेना आणि माईक मुका. तेव्हा गल्लीतल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई पुढं आल्या, गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबतेय, आणि माझ्या हातातून माईक काढून घेतला. विचारलं नाही, बरं का. काढून घेतला. आणि म्हणाल्या, "शिरपूरवाला पाव्हणा, तठे उन्हमा कसाले उभा? पंखाखाल या, बठ्ठी जागा तुम्हनीच शे."

अक्कांचं माहेर शिरपूरकडचं, सासर बोदवडचं. दोन्हीकडची बोली जिभेवर. शिरपूरवाल्यांशी शिरपूरचं, पहूरवाल्यांशी पहूरचं. त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. माणसाला स्वतःच्या नावानं पुकारलं तर तो लाजतो. त्याच्या गावाच्या नावानं पुकारलं तर तो टोपी सरळ करतो. बायका पदर सावरतात. अक्का एकेक गाव घेत होत्या आणि मांडवात तेवढा तेवढा घोळका ताठ होत होता. त्यानंतर माझ्या प्रत्येक मोठ्या लग्नात माईकवर अक्का.

आता हा जितेंद्र. पहूरचा. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करून परत आलेला, माझ्या गोदामावरच्या खोलीत भाडेकरू. इंटरनेटवरच्या जाहिरातींचा धंदा करायचा म्हणत होता, आणि जळगावचा एकही दुकानदार त्याला उभं करत नव्हता. एका लग्नात जेवायला आला. जेवण राहिलं बाजूला, हा ताट हातात धरून भोंग्याखाली उभा. मला म्हणाला, "आबा, फोनवर जाहिरात लागली की माणूस बंद करतो. ह्या बाईनं त्याच्या गावाचं नाव घेतलं तर तो बंद करेल का?"

मी म्हटलं, "माझा भोंगा कोणी बंद केला नाही."

अशी 'गावहाक' जन्मली. अक्कांनी खोलीत बसून खान्देशातल्या गावांची नावं म्हटली. दिवसच्या दिवस म्हणत होत्या. मग वेळा म्हटल्या, सण म्हटले, दुकानं म्हटली. फोन कुठल्या गावाजवळ आहे तेवढं मशीनला, म्हणजे जितेंद्रच्या कॉम्प्युटरला कळायचं, की ते तुकडे जोडून द्यायचं: "बोदवडच्या बायांनो, आखाजीले माहेरी जायाच्या आधी जरा इकडं या." माणूस ऐकायचा. पूर्ण ऐकायचा. आणि पूर्ण ऐकलं की नाही, तेही मशीन दुकानदाराला सांगायचं.

मशीन एकच. खोलीत टेबलावर. जळगावचा एप्रिल तुम्हाला मी काय सांगायचा? माणसाला पंखा नव्हता, मशीनला कूलर होता. आली पहिली आखाजी, आपली अक्षय्य तृतीया. सोन्याची, कापडाची दुकानं, सगळ्यांना एकाच सकाळी हाक हवी. लाइट गेली, आली, पुन्हा गेली. मशीननं मान टाकली. खाली गोदामात दुकानदार उभे, वर जितेंद्र डोकं धरून. अक्का जिन्यात बसून होत्या. म्हणाल्या, "आबा, तुम्हना भोंगा घ्या अन् रिक्षामा बसाडा माले. मी फिरस." आणि खरोखर फिरल्या. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत रिक्षातून ओरडत होत्या. पण रिक्षा शिरपूरला आणि बोदवडला एकाच वेळी कशी जाईल?

त्या आठवड्यात जितेंद्रनं मला क्लाउड समजावलं. त्यानं हुशारी केली, इंग्रजी पुस्तकातलं काही काढलं नाही. म्हणाला, "आबा, पोरीच्या लग्नाला दोन हजार खुर्च्या लागतात. वधूपिता विकत घेतो का?"

"कशाला घेईल? माझ्याकडून नेतो. दुसऱ्या दिवशी परत."

"तसंच. मोठाल्या शहरांत मशीनींची गोदामं आहेत. आखाजीला शंभर घ्यायच्या, आखाजी झाली की परत द्यायच्या. एरवी दोन पुरतात."

मंडळी, तो समजावत होता, पण धंदा माझाच होता. मी त्याला माझ्या धंद्यातलेच प्रश्न विचारले. मोडतोड झाली तर कोणाची? त्यांची. ऐन मुहूर्तावर आणखी मागितल्या तर मिळतात? क्षणात. वर्षाचं आगाऊ ठरवलं तर सूट? आहे. एका गोदामाची लाइट गेली तर? दुसऱ्या शहरात तोच माल तयार, जसा मी दुसरा जनरेटर ठेवतो. मी म्हटलं, "मग इतके दिवस ह्या डबड्याला कूलर कशाला लावत होतास?"

मी पैसे घातले, भागीदार झालो. आणि कंपनी वाढली ती अशी वाढली, की पुढच्या आखाजीला आम्ही तिघं त्याच खोलीत चहा पीत बसलो होतो आणि अक्का एकाच सकाळी शिरपूरला, धुळ्याला, पहूरला, थेट बुऱ्हाणपूरपर्यंत हाका मारत होत्या. लोड वाढला की मशीनी आपोआप वाढायच्या, गर्दी ओसरली की आपोआप परत जायच्या. नवा तालुका घ्यायचा तर नवं ऑफिस नाही, नवं मशीन नाही. अक्कांनी गावांची नावं म्हणायची, झालं. एका खोलीच्या भरवशावर आम्ही तीन जिल्हे धरले. अक्का पडद्यावरचे आकडे बघून म्हणाल्या, "मी आथाच बशेल शे, मंग तठे कोण बोली राह्यनं?" आम्ही हसलो. तो प्रश्न पुढं असा परत येईल, असं तेव्हा कोणाला वाटलं असेल?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. नवीन तालुक्याची नावं भरत होतो. अक्का म्हणत होत्या, मी हेडफोन कानाला लावून ऐकत होतो. मला खरखर ऐकू आली. मी म्हटलं, थांबा. अक्का म्हणाल्या, "तुम्हना माईक बिघडना." मी माईक बदलला. वायर बदलली. पंखा बंद केला. खिडकी लावली. पुन्हा म्हटलं, बोला. त्या बोलल्या. माझं सगळं बदलून झालं होतं, आता बदलायला काही उरलं नव्हतं. मी कानावरचं काढून ठेवलं आणि म्हटलं, "अक्का, उद्या दिपमालाताईंकडं जाऊ." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

निदान झालं, आणि दुकानदारांचे फोन सुरू झाले. वाईट वाटून केलेले होते, खोटं बोलणार नाही. पण तिसऱ्या वाक्याला प्रत्येक जण विचारायचा, "आवाजाचं काय?" उपाय जितेंद्रकडं होता. म्हटलेल्या एवढ्या नावांवरून मशीनला अक्कांचा आवाज शिकवता येतो. मग मशीन हवं ते नवीन वाक्य त्याच आवाजात बोलेल, कायम. त्यालाही भाड्याच्या मशीनी पुरतात. व्यापारी म्हणून मला ते पटलं होतं.

त्याच दिवसांत वनाभाऊ एका दुपारी गोदामात आले. एकटे. बराच वेळ खुर्च्यांच्या थप्प्या बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आबा, त्या मशिनीत समदे गावं हायेत म्हणे. त्याच्यात माहं नाव हाये का?"

वनाभाऊ, तुमची परवानगी मी सकाळी घेतली आहे, म्हणून सांगतो.

जितेंद्रनं शोधलं. वरणगाव होतं. वरखेडी होती. वडोदा होतं. वना नव्हतं. असणार कसं? आपल्याकडच्या जुन्या वळणाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'अहो' म्हणतात, 'हे' म्हणतात, पोराच्या नावानं हाक मारतात. एवढ्या गावांची नावं उच्चारलेली बाई, आणि घरातलं एक नाव तिच्या तोंडी कधी आलं नाही.

मी म्हटलं, "वनाभाऊ, लग्नात उखाण्यात घेतलं असेल की."

ते म्हणाले, "घेतलं व्हतं. पन तवा ब्यांड वाजत व्हता."

जितेंद्र हळूच म्हणाला, "काका, मशीन म्हणेल. संध्याकाळपर्यंत करून देतो." वनाभाऊ खुर्ची ओढून बसले. जायला उभा असलेला माणूस बसला.

विचारल्याशिवाय करायचं नाही, एवढं आम्ही दोघांनी पाळलं. बोदवडला गेलो. अक्का शिलाई मशीनवर झंपर शिवत होत्या. जितेंद्रनं सगळं सांगितलं, धंद्याचंही आणि वनाभाऊंचंही. अक्कांनी पाय थांबवला नाही. ऐकून झाल्यावर दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "आबा, तुम्हनं बठ्ठं भाडानं शे. मांडव भाडाना, खुर्च्या भाडान्या, आते कॉम्प्युटर बी भाडाना. मना आवाज भाडाना नही. मनी जिभवर जो शब्द उना नही, तो मना तोंडमा घालू नका."

जितेंद्र म्हणाला, "मग आधीचं, जे तुम्ही म्हटलंय, ते तरी राहू द्यायचं ना?"

तेव्हा मात्र पाय थांबला. "मी घरमा मुकी बसी राहसू, अन् शेजारना फोनमा बोलत राहसू का?"

ह्याला काय उत्तर आहे? अध्यक्ष महाराज, तुमच्याकडं आहे का?  मी शब्द दिला. ज्या दुकानांचं आगाऊ ठरलंय त्यांची ही आखाजी अक्कांच्या आवाजात होईल. त्यानंतर जितेंद्र सगळं उतरवेल, प्रत्येक शहरातल्या प्रत्येक गोदामातून, प्रत्येक नक्कल. माझी माणसं मांडव सोडल्यावर खांबांचे खड्डे बुजवल्याशिवाय गाव सोडत नाहीत. इथंही तसंच होईल. पुढच्या वर्षी शिरपूरची सुनिता आणि पहूरची रत्ना हाका मारतील. दोघी चांगल्या आहेत. काही दुकानदार जातील, आम्ही थोडे लहान होऊ. त्यानं फरक पडत नाही, असं मी म्हणणार नाही. पडतो. मशीनी कितीही मागवल्या तरी मिळतात. हा आवाज मागवायचं ठिकाण कुठंच नाही.

निघताना वनाभाऊ दारात उभे होते. जितेंद्रनं धीर करून विचारलं, "आणि काकांचं, अक्का?"

अक्का म्हणाल्या, "यास्नासाठे मशीन कसाले?" आणि आत चहा ठेवायला निघून गेल्या. आम्हाला वाटलं, विषय मिटला. चार दिवसांनी निरोप आला की कार्यक्रम ठेवा, मांडव मोठा घाला, सत्काराला उत्तर मी स्वतः देणार. आणि एक अट घातली. ती अट सांगायलाच मी इतका वेळ उभा आहे.

डॉक्टर ताईंनी अक्कांना आज थोडंच बोलायची मुभा दिली आहे. आणि अक्कांची अट अशी, की ते बोलणं कुठंही साठवायचं नाही. तर माझी हात जोडून विनंती आहे, सगळ्यांनी मोबाईल खाली ठेवा. व्हिडिओवाल्या दादांनी कॅमेऱ्यावर झाकण घालावं. जितेंद्रनं आपला कॉम्प्युटर मिटलेला आहे, मी इथून बघतोय. आज जे बोललं जाईल ते ह्या मांडवातच राहील, ज्याच्या कानात पडेल त्याचं. बँडवाल्यांना मी बोलावलंच नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, गावोगावचे लोक अक्कांसाठी आलात, 'गावहाक'च्या वतीनं मी सगळ्यांचा ऋणी आहे. माझी भाषा मांडववाल्याची, तिच्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. कोणाचं नाव घ्यायचं माझ्याकडून राहून गेलं असेल तर तेही. आयुष्यात एखादं नाव राहून जातं. वेळेत घेता आलं म्हणजे झालं.

वनाभाऊ, जरा पुढं सरकून बसा.

अक्का, माईक तुमच्या उंचीला आणून ठेवलाय. खरखर करत नाही, मी सकाळी दोनदा तपासलाय. या.