कोडेवाल्याची चाहती

...आणि वर बायको म्हणते, ‘अहो, सिनेमा आहे तो, कादंबरीवरून काढलेला!’ मग कादंबरीवाल्याला कुठून सुचलं? कुणीतरी भोगलं असेल तेव्हाच ना? एक लेखक, त्याची एक चाहती. आधी पत्रं, मग फुलं, मग बाईसाहेबांनी स्वतःची खोली हुबेहूब त्याच्या खोलीसारखी लावली, पडदेसुद्धा तेच, आणि शेवटी त्यालाच आणून बसवला तिथं! कायमचा! मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेलो... तो बायकोचा हात होता, हे दिवे लागल्यावर कळलं.

तुम्हाला सांगतो, मी संशयी माणूस नाही. पण नोंद ठेवलेली बरी.

कारण चाहती मलाही आहे! हसू नका. बावीस वर्षं पेपरात रविवारचं शब्दकोडं मीच करतो, आणि गेली तीन वर्षं एका बाईंचं दर आठवड्याला पत्र येतं. संपादक म्हणतात, ‘एकुलती एक वाचक आहे तुमची, जपा हो!’ जपलीच होती. पण सिनेमाहून आलो, पत्रं काढली, आणि घामच फुटला. ‘गुडघा आता बरा दिसतो.’ ‘मुलीचं लग्न ठरलं वाटतं, अभिनंदन!’ हिला कुणी सांगितलं?

‘तुम्हीच!’ बायको म्हणाली. ‘गुडघा धरला त्या महिन्यात कोड्यात काय होतं? लेप, काठी, मलम, कण्हणे! घरातलं सगळं त्या चौकोनांत भरता, आणि वर विचारता कुणी सांगितलं!’

बरं, भरतो. पण म्हणून कुणी इतकं वाचतं? का वाचतं?

पाकिटावर पत्ता होता. गेलो. समोरच्या बाकावर वही घेऊन बसलो. मंगळवार, पाच दहा : खिडकी उघडली. गुरुवार, पाच पंचवीस : कुंड्यांना पाणी. शनिवार : पडदा निळा. निळा! आमचाही निळाच आहे हो! मी संशयी नाही, पण नोंद ठेवलेली बरी... अकरा दिवस बसलो.

बाराव्या दिवशी संपादकांनी बोलावलं. चेहरा उतरलेला. पुढ्यात पत्र सरकवलं, तेच वळणदार अक्षर : ‘घरासमोर एक गृहस्थ वही घेऊन बसतात. मी नुकताच तो चाहतीचा सिनेमा पाहिला आहे, त्यामुळे झोप उडाली आहे. रविवारच्या कोड्यात बाक, खिडकी, कुंडी आणि पडदा आले, तेव्हा गृहस्थ कोण ते कळलं. यापुढे मी कोडं सोडवणार नाही. ते वहीत लिहितात त्या वेळा सोबत जोडल्या आहेत.’

‘काय हे?’ संपादक म्हणाले. ‘एक होती, तीही घालवलीत?’

ती यादी घरी आणली, माझ्या वहीशी ताडून पाहिली. अकरा दिवस, आणि एका मिनिटाचा फरक नाही! इतकं नेमकं माणूस उभ्या आयुष्यात दुसरं भेटलं नाही, तुम्हाला सांगतो... तिलाही वाटलं असणार, नोंद ठेवलेली बरी.

आता रविवारचं कोडं मीच सोडवतो. सोपं जातं.