कोंडवाड्यातलं गाढव

नाही, इतक्यात नाही सोडणार, चॅपमनबाई — आणि आवाज कशाला चढवता, त्याचं खाणं चाललंय. काय नाव म्हणालात? बार्नबी? गाढवाचं बारसं करायला लंडनची माणसंच हवीत. बसा या भिंतीवर. चहा देऊ थर्मासमधला? नको, बरं. तर मी कोण लागून गेलो, असं विचारत होतात ना? मी क्लिफर्ड पिंडर. गावात मोकाट सुटलेलं जनावर धरायचं, या कोंडवाड्यात घालायचं, मालक येईपर्यंत सांभाळायचं — हे ज्याचं काम, तो पिंडर. राजानं बहाल केलेलं आडनाव नाही हो, कामच चिकटलं. तुमचं चॅपमन म्हणजे तरी काय? फेरीवाला. दारोदार हिंडून दोरे-बटणं विकणारा. — राग कसला त्यात, नाव तुमच्या साहेबांचं, तुम्ही नुसतं लग्नात घेतलंत. माझ्या मुलीनंही तेच केलं — लीड्सला गेली, व्हिटेकर झाली. म्हणजे या नावाचा मी शेवटचा. मी गेलो की उरतील या चार दगडी भिंती, आणि तिथं तुम्हाला मोटार उभी करायचीय. ग्रामसभेत कोण म्हणालं, पडीक जागा आहे, इथं शेळीसुद्धा फिरकत नाही? तुम्हीच ना? आता येईल कमिटी पाहायला. पाहू दे की. आहे का पडीक? चांगलं दाणापाणी चाललंय.

योगायोग कसला, जनावर आहे, सुटतं. सकाळी रस्त्यात आडवं आलं, मी आपलं धरलं — धरायला नको? शहरातली माणसं तुम्ही, फाटक उघडं टाकायची सवय. — लावलं होतं? कडी घालून? अहो, ती कसली कडी, गंजून गेलीय, वर उचलून गुडघ्यानं रेटल्याशिवाय हलत नाही, माझा गुडघा अजून ठणक —

अशा बघू नका, बाई. आमच्यात आजवर कुणी दुसऱ्याच्या फाटकातून जनावर काढलं नव्हतं. कुणीच नाही. लाज वाटतेय मला, झालं समाधान?

हा घ्या दोर. घ्या म्हणतो ना. मालक आला की जनावर सोडायचं, बाप हेच शिकवून गेला. — कमिटी येईपर्यंत राहू दे? नको, उपकार नकोत. न्या त्याला. आणि जाताना ते दार पुरतं उघडा, मला आत झाडून घ्यायचंय — रिकामा तर रिकामा, कमिटीला स्वच्छ दिसू दे.