कानातला कापूस

माझी बायको सारजा वारली, त्या वर्षी मी कळंबच्या दवाखान्यात नंबर धरून बसलो होतो. शेजारी मळ्यातलं पाण्याचं इंजिन चालवणारा एक माणूस आणि त्याची बायको होती. ती मोठ्यानं बोलत होती, म्हणून सगळं ऐकू आलं.

“मागल्या खेपंला डाक्टरसाबनी कानात कापूस घालून इंजिनावर बसायला सांगितलं व्हतं. घालत न्हाय ना? खरं सांगा.”

“कापूस घातल्यावर इंजिनाचा ठोका चुकलेला कसा कळंल?”

“पाइपावर हात ठेवा. हाताला कळतं, तुमीच दाखवलं व्हतं मला.”

“बसप्पा बाळंतिणीवानी कान झाकून बसलाय, म्हणत्याल लोक.”

“म्हणू द्या. त्यांस्नी काय माझ्यासंगं संसार करायचाय?”

“शिवम्मा, एक इचारू? रागावू नगंस.”

“इचारा की.”

“इंजिन आल्यापासनं तू जात्यावर ओव्या म्हणायचं सोडलंस. माझ्यावर रुसलीस का?”

“अवं, म्या रोज म्हणते.”

“रोज?”

“आजबी म्हणली. तुमी जात्याशेजारीच बसला व्हता.”

त्यानं बोटानं आपला कान चाचपला.

“कापूस हाय का तुझ्याकडं?”

“पदराला बांधून आणलाय.”

“उद्यापासनं घालतो. आधी एक ओवी म्हण. कानापाशी म्हण.”

“इथं? समद्यांसमोर?”

“म्हण.”

तिनं पदर पुढं ओढला, त्याच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणू लागली. तेवढ्यात कंपाउंडरनं माझं नाव पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं, तरी मी उठलो नाही.