सही उद्या सकाळी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नवउद्योग केंद्राचे संचालक, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, केंद्राच्या कचेरीतली सर्व मंडळी, समोर बसलेले कंपन्यांचे मालक, होऊ घातलेले मालक, आणि काल मालक होते पण आज नाहीत असे माझे मित्र; आणि ज्यांच्यासाठी या इमारतीत आज पहिल्यांदाच सगळे वेळेवर आले, त्या आमच्या वकीलबाई, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातलं अर्धं मिनिट नमस्कारात गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. मी मूळचा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आमचं बोलणं म्हणजे खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर ओरडणं. तेव्हा माइक जरा लांबच ठेवतो.

बाईंची ओळख मी काय करून देणार? गेली चौदा वर्षं त्या तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसल्या. नवी कंपनी काढायला निघालेल्या माणसाला कायदा आणि भांडवल या दोन गोष्टी समजावून सांगणं हे त्यांचं काम. कोणाचं नाव कुठे लागतं, कोणाचा हिस्सा किती, पैसे गुंतवणारा माणूस जो कागद पुढे करतो त्यात आपण नेमकं काय देऊन बसतो, हे सगळं त्या एका पेन्सिलीने समजावत. कागद मात्र स्वतः वाचत नसत. आपल्याला मोठ्याने वाचायला लावत. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मी शाळेतल्यासारखा उभा राहून वाचलाय, आणि अडखळलो की "पुन्हा" असा आवाज यायचा.

आणि त्यांचा तो नियम! इथे बसलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. कागद कितीही तयार असो, माणूस कितीही घाईत असो, बाई म्हणणार, "आनंदात असलेल्या माणसाची सही मी होऊ देत नाही. घरी जा, जेवा, झोपा. सही उद्या सकाळी." म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना उद्याबाई म्हणायचो. त्यांना हे माहीत नाही अशी आमची समजूत होती. त्या आत्ता ज्या प्रकारे हसतायत, त्यावरून समजूत चुकीची होती असं दिसतं.

आमची पहिली भेट झाली तेव्हा मात्र उद्या म्हणण्याची सोय त्यांना नव्हती. त्या याच इमारतीच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकल्या होत्या, आणि त्यांना बाहेर काढायला मला बोलावलं होतं. दार वीतभर उघडलं तर फटीतून एक चष्मा आणि एक फाईल दिसली. अडकलेल्या माणसाशी बोलत राहावं लागतं, नाहीतर माणूस घाबरतो. म्हणून मी आपलं सांगायला लागलो, की मॅडम, मी एक छोटासा डबा तयार केलाय. तो मोटारीशेजारी बसवायचा. मोटारीचा आवाज ऐकून तो डबा चार दिवस आधी सांगतो, की ही लिफ्ट आता बंद पडणार. आतून घाबरलेला आवाज येईल अशी माझी अपेक्षा. तर प्रश्न आला, "त्यातला प्रोग्राम कोणी लिहिला?"

मी म्हटलं, "धाकट्या बहिणीने. ती एका कंपनीत प्रोग्रामर आहे."

"तिच्याशी काही कागद केलाय?"

"हो हो, होईल की. आधी तुम्ही बाहेर तर या!"

हा बाईंनी मला दिलेला पहिला कायदेशीर सल्ला. तो मी तिथेच, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे सोडून आलो.

पुढे वर्षभराने मी कंपनी काढली. काढली म्हणजे काय, कोणीतरी सांगितलं दोन नावं लागतात, मी माझं आणि बायकोचं घालून मोकळा झालो. डबा चालत होता. एका गृहस्थांना तो आवडला, त्यांनी पैसे गुंतवायची तयारी दाखवली आणि अटींचा कागद पाठवला. मुदत शुक्रवारपर्यंत. बुधवारी दुपारी मी तो कागद घेऊन बाईंकडे आलो. येताना वाटेत एक चांगलासा पेन घेतला. एवढी मोठी सही काय त्या गळक्या पेनाने करायची? खिशात पेन, चेहरा असा खुललेला, बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "सही उद्या. आज नुसतं वाचा."

मी वाचलं. आवाज छान लागला होता. सातव्या कलमात लिहिलं होतं, की डब्यातला सगळा प्रोग्राम कंपनीच्याच मालकीचा आहे, अशी आम्ही हमी देतो.

"थांबा. हे खरं आहे?"

"म्हणजे काय! आहेच."

"कंपनीला तो कोणी दिला?"

"बहिणीने."

"कुठे लिहिलंय?"

आता तुम्हीच सांगा, मंडळी, या प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार? मी म्हटलं, "अहो, सख्खी बहीण आहे माझी!"

बाई म्हणाल्या, "म्हणून तर विचारते. परकी असती तर तुम्ही केव्हाच कागद केला असता. उद्या तिला घेऊन या. तिचं नोकरीचं नियुक्तीपत्रही आणायला सांगा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बहीण आली. खुशीत होती. तिला वाटलं, तिचीही सही लागतेय. बाईंनी कंपनीचे कागद तिच्यापुढे ठेवले आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "मोठ्याने वाचा." तिने वाचलं. संचालक, माझं नाव, माझ्या बायकोचं नाव. भागधारक, पुन्हा तीच दोन नावं. तिने पान उलटलं. मग ते पान परत मागे उलटलं. आणि मला म्हणाली, "दादा, यात वहिनीचं नाव आहे. माझं टाकायचं राहिलं का?"

मी त्या वेळी काय बोललो ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी म्हटलं, "अगं, तू तर घरचीच आहेस."

"मग वहिनी कोण, बाहेरची?"

एवढंच बोलली. बॅगेची चेन लावली आणि जिन्याने खाली गेली. दोन वर्षं रोज नोकरीवरून येऊन, वहिनीच्या जुन्या लॅपटॉपवर बसून तिने तो प्रोग्राम लिहिला होता. मी मोटारींचे आवाज टिपून आणायचो आणि ती ते ऐकत बसायची. आणि माझ्या कागदावर ती कुठेच नव्हती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग स्वतःचा यायला हवा होता, पण समोर बाई होत्या. मी ओरडलो. कसा ओरडलो, ते तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींना आठवत असेल. लेखा विभागातले काका मान हलवतायत, म्हणजे त्यांना आठवतंय. मी म्हटलं, "तुम्ही इथे कंपन्या उभ्या करायला बसलाय की बुडवायला? भावाबहिणीत लावून दिलीत तुम्ही!"

बाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "झालं? पाणी प्या." आणि बहिणीचं नियुक्तीपत्र टेबलावरच राहिलं होतं, त्याच्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून ते माझ्यापुढे धरलं. "हे वाचा." त्यात होतं, की नोकरीत असताना मी जे काही तयार करीन ते माझ्या मालकांचं. म्हणजे बहिणीने तिथल्या तिथे सही करून सगळं मला दिलं असतं, तरी ते तिला देता येईलच अशी खात्री नव्हती. आधी तिच्या मालकांकडून ना-हरकत पत्र हवं. आणि मुदत होती दुसऱ्या दिवसापर्यंत.

आता खरं सांगतो. माझ्या मनात आलं, करून टाकू सही. सातवं कलम कोण बघायला येतंय? मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा बाईंनी विचारलं, "तुमचा डबा काय करतो हो?"

"बिघाड व्हायच्या आधी सांगतो."

"मग माझ्यावर कशाला चिडता? मीही तेच करतेय."

घरी गेलो. बायकोला वाटलं होतं मी आनंदात येईन. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "तिला विचारलं नाहीत ते राहू द्या. माझं नाव घातलंत, तेव्हा मला तरी विचारलं होतंत का?" मी फोन लावत बसलो. बहीण फोन घेत नव्हती. जेवण झालं, झोप काही आली नाही. पण बाईंचा नियम सकाळचा आहे. सकाळ झाली, आणि मला त्या कागदातलं सातवं कलमच दिसत होतं. मी त्या गृहस्थांना फोन केला. म्हटलं, "साहेब, तुमच्या कागदातली एक हमी मला देता येत नाही. प्रोग्राम अजून कंपनीचा नाही. तो माझ्या बहिणीने लिहिलाय, आणि तिचा हिस्सा ठरल्याशिवाय मला सही करायची नाही." ते फार सभ्यपणे म्हणाले, काही हरकत नाही, सवडीने करू. त्यांची ती सवड अजून आलेली नाही.

सोमवारी बाईंनी आम्हां दोघांना बोलावलं. बहीण आली ती नियुक्तीपत्र परत न्यायला. माझ्याकडे बघेना. बाईंनी दोघांपुढे एकेक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. "एकमेकांना एकेक प्रश्न लिहा." मी लिहिलं, तुला किती हिस्सा हवा? मला वाटलं, वा, काय दिलदार प्रश्न विचारलाय मी. तिने लिहिलं होतं, माझं नाव का नव्हतं?

बाई म्हणाल्या, "आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर."

माझ्याकडे दहा सबबी तयार होत्या. घाई होती, दोनच नावं लागत होती, तुझी नोकरी अडचणीत आली असती. एकीकडे बाई, एकीकडे ती. मी म्हटलं, "खरं सांगू? मी विचारच केला नाही. तू आहेसच, असं धरून चाललो."

तिने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "हेच ऐकायचं होतं, दादा. मुद्दाम वगळलं असतंस तर मी हे पत्र घेऊन सरळ निघून गेले असते." मी तिथे बाईंच्या समोर रडलो. आता ओरडण्याचं सांगितलंच आहे, तर हेही सांगून टाकतो.

हिस्सा ठरायला पाच मिनिटं लागली. निम्मा-निम्मा, बायकोचा माझ्या निम्म्यात. सही अर्थातच दुसऱ्या दिवशी. ना-हरकत पत्र यायला पाच आठवडे लागले, आणि ते मिळालं ते वहिनीच्या त्या जुन्या लॅपटॉपमुळे, कारण बहिणीने तिच्या कचेरीचं यंत्र आणि कचेरीची वेळ कधी वापरलीच नव्हती. त्यानंतर अकरा महिने कोणी पैसे गुंतवायला आलं नाही. मी परत लोकांच्या लिफ्टला तेल घालत फिरलो. आणि बाई, आज सगळ्यांदेखत कबूल करतो, त्या अकरा महिन्यांत मी तुमच्यावर मनातून चिडलेलो होतो. वाटायचं, त्या बुधवारी या बाईंनी सही करू दिली असती तर!

मग दुसरे एक गुंतवणूकदार आले. त्यांचा पहिला प्रश्न, "प्रोग्राम कोणाचा?" मी तोंड उघडायच्या आत बहिणीने कागद त्यांच्यापुढे ठेवला. आज आमचे डबे कितीतरी इमारतींत बसलेत. याही इमारतीत आहे. पाहुणेमंडळी आज लिफ्टने वर आली आणि कोणीही मधे अडकलं नाही, याची नोंद घ्यावी.

अध्यक्ष घड्याळ बघतायत, तेव्हा मुद्द्यावर येतो. बाई, त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडलो, त्याची माफी मी आजवर मागितली नाही. धंदा वाढला, बक्षिसं मिळाली, प्रत्येक ठिकाणी तुमचं नाव घेतलं, पण माफी राहिली. ती आज या सगळ्यांसमोर मागतो. माझी कंपनी तुम्ही वाचवलीत, हे तर लोक म्हणतातच. मला त्याचं तेवढं नाही. त्या बुधवारी मी सही केली असती, तर कंपनी कदाचित आजच्यापेक्षा मोठी झाली असती, आणि बहीण मला दादा म्हणायची थांबली असती. ती समोर तिसऱ्या रांगेत बसलीय. माझी बहीण तुम्ही मला परत दिलीत. याचे आभार कसे मानतात, मला खरंच माहीत नाही.

म्हणून हा एक कागद आणलाय. तुम्ही आमच्या कंपनीच्या संचालक मंडळावर यावं, अशी विनंती आहे. नाही नाही, बाई, हात पुढे करू नका! आधी ऐका. या वेळी मी बहिणीला आधी विचारलंय. बायकोलाही विचारलंय. दोघींच्या सह्या वर आहेत, माझी त्यांच्याखाली आहे. याही कागदातलं सातवं कलम तुम्ही स्वतः मोठ्याने वाचायचं, आणि अडखळलात तर मी "पुन्हा" म्हणणार.

मात्र आज तुमच्या गळ्यात हार आहे, डोळ्यांत पाणी आहे, समोर एवढी माणसं आहेत. अशा माणसाची सही मी होऊ देत नाही. घरी जा, जेवा, झोपा. उद्यापासून तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत नसाल, म्हणून मीच येईन तुमच्याकडे, बहिणीला घेऊन, सकाळी दहाला. तो बुधवारचा पेन अजून माझ्या खिशात आहे.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, अध्यक्षांनी पाच मिनिटांची पंधरा होऊ दिली, सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं गेलं असेल, तर लिफ्टवाल्याचं बोलणं म्हणून पोटात घालावं. बाईंवर ओरडलो त्याची माफी मात्र वेगळी आहे, ती यात धरू नये. त्याचं उत्तर बाईंनी मला उद्या सकाळी द्यावं.