एक डोकं कमी

…आणि वर मलाच विचारतात, "इतका वेळ उभं राहून दमत नाही का हो तुम्ही?" दमते की! माणूस आहे मी, विजेचा खांब नाही. पण मला सांगा, बसायचंच असतं तर होडी नसती का घेतली?

तुम्हाला सांगते, सतरा वर्षं झाली, मी तळ्यावर लोकांना पॅडलबोर्डवरून फिरवते. म्हणजे एक लांबरुंद फळी, तिच्यावर उभं राहायचं, हातात उंच वल्हं आणि चेहरा असा, की पडायची भीती कशाशी खातात तेच आपल्याला माहीत नाही! एका फेरीला आठ जण. त्यातले दोन पाण्यात पडणार, दोन भांडणार, म्हणजे ते नवरा-बायको असतात, आणि एक काका मलाच शिकवणार, "अहो, कोपर असं ठेवा, मी व्हिडिओत बघितलंय." ठेवते हो काका, ठेवते! आणि ह्या सगळ्या गोंधळात माझं खरं काम काय? दर पाच मिनिटांनी मान वळवायची आणि डोकी मोजायची. आठ भरली की पुढे. सात भरली की… आई गं! फळी वळवायची आणि आठवं शोधत सुटायचं.

तर अशी मी, वय सत्तेचाळीस, एक गुडघा कुरकुरणारा, आणि मी ठरवलं की ती मोठी शर्यत करायचीच. नदीतून एकशे ऐंशी किलोमीटर. उभ्याने! घरी सांगितलं, तर आमचे हे पेपरातून मानही वर न काढता म्हणाले, "गाडीने किती वेळ लागतो?" नणंदबाईंचा लगेच फोन, "वहिनी, ह्या वयात माणसानं कसं शांत बसावं." बसा की! तुम्ही बसा, तुमच्या भावाला बसवा, सगळं घर बसवा! मला बसायचंच असतं तर होडी नसती का घेतली?

सहा महिने, ऐका, सहा महिने सराव केला. पहाटे तीन तास वल्हवायचं, मग दिवसभर फेऱ्या. एखादं जाडजूड गिऱ्हाईक मध्येच दमलं की बाकीचे गाईड आभाळाकडे बघायला लागतात, आणि मी? "या हो, या, बांधा दोरी!" ओढत आणायची त्यांना काठापर्यंत, तेवढाच दंडाला व्यायाम. भाजी चिरायची तीसुद्धा एका पायावर, तोल सुधारतो म्हणून. ह्यांनी एकदा खुर्ची आणून ठेवली मागे. ढकलली मी पायाने!

मग आली चाचणी. चाळीस किलोमीटर, एकतीस जण, आणि त्यातले पहिले दहाच मोठ्या शर्यतीला जाणार. बाकीच्यांनी आपापल्या घरी जायचं. सव्वीस किलोमीटर होईपर्यंत मी कितवी होते, विचारा! सातवी! माझ्या पुढची पोरं सगळी माझ्या लेकीच्या वयाची, आणि मी सातवी! आणि तिथे… माझी मान वळली. वळवली नाही हो मी, वळली! लांबच्या लांब सरळ नदी, सगळे दिसत होते. पुढचे सहा, मी एक, मागचे तेवीस. तीस. परत मोजले. तीस!

मी स्वतःला बजावलं, बाई गं, आज तू गाईड नाहीस. सुरक्षेच्या बोटी आहेत, त्यांच्याकडे शिट्ट्या आहेत, तुझं काय जातंय? वल्हव! वल्हवलं. दहा वेळा वल्हवलं. अकराव्या वेळी बघते तर माझी फळी उलट्या दिशेला निघालेली.

काठाला एक रिकामी फळी, वर माणूस नाही! जीव खाऊन ओरडले, "कोणी आहे काऽऽ?" तर झुडपामागून आवाज, "अहो बाई, दोन मिनिटं! जरा खासगी आहे!" दातांचे डॉक्टर निघाले ते! नैसर्गिक हाकेला ओ द्यायला उतरलेले! मी पाठ करून उभी, आणि समोरून एकेक जण मला मागे टाकून चाललेला… सातवीची एकोणिसावी झाले! खोटं कशाला सांगू, तेव्हा बसावंसं वाटलं. फळीवर बसावं आणि भोकाड पसरावं. पण नाही! बसायचंच असतं तर होडी नसती का घेतली? दात-ओठ खाल्ले आणि सुटले. अठरावी, सतरावी, पंधरावी… आणि डॉक्टर माझ्या मागे चिकटलेले. "तुम्ही पाणी कापत चला ताई, मला सोपं जातंय!" नियमात चालतं म्हणे तसं.

शेवटचे पन्नास मीटर. मी दहावी! दहावी हो! फक्त समोर बघायचं होतं मला, बाकी काही करायचं नव्हतं. आणि मान वळली. मागे बघते तर कोणीच नाही! बुडाले! गेले डॉक्टर! माझं वल्हं तसंच हवेत… आणि उजवीकडून गोड आवाज, "येतो हं ताई!" गेले की पुढे! दहावे ते, अकरावी मी.

शर्यतवाला म्हणाला, "तुम्ही पहिल्या राखीव. कोणी गळलं तर तुमचाच नंबर." म्हटलं, ठीक आहे. सराव सोडला का मी? अजिबात नाही. रोज पहाटे पाण्यात. नंबर लागो नाहीतर न लागो, मी उभीच आहे!

आणि दहा-बारा दिवसांपूर्वी डॉक्टरांचा फोन. "ताई, खांदा फार धरलाय हो. हात वर जात नाही. नाव काढून घेऊ म्हणतो." एकच शब्द बोलायचा होता, "काढा." दोन अक्षरं! सहा महिन्यांची पहाट त्या दोन अक्षरांवर अडलेली! आणि माझ्या ह्या मेल्या तोंडातून काय बाहेर पडावं? "वल्हं लांब पडतंय तुम्हाला, वीतभर आखूड करा. आणि आठवडाभर दोन वेळा बर्फ लावा."

काल आले होते तळ्यावर, मुद्दाम दाखवायला. हात वर जातो त्यांचा आता. अगदी सरळ.